मोठ्या सभेपुढचा भात

कर्जतजवळ भिवपुरीपासून कशेळ्यापर्यंतच्या पट्ट्यात कुणाच्या भातात तण माजलं की लोकांच्या तोंडी आधी देवाचं नाव यायचं आणि मग ठकूबाईचं. देव येईल न येईल, ठकूबाई यायची. हडकुळी बाई, पदर कंबरेला करकचून खोचलेला, सकाळी एकदा वाकली की भाकरीच्या वेळेलाच सरळ व्हायची. तिच्या मागून चालणाऱ्या बायका म्हणत, ठकीच्या मागं चरायला गेलेली शेळी उपाशी परत येते.

बाकी तणाशी तिचं साधं भांडण होतं. वैर म्हणावं ते हरळीशी. हरळी म्हणजे बांधावर पसरणारं ते बारीक, चिवट गवत. वरून ओढलं तर खाली राहतं, खालून ओढलं तर शेजारी निघतं, आणि एक काडी चुकून राहिली की पुढच्या पावसात अख्खा बांध गिळून बसतं. ठकूबाईचं अर्धं आयुष्य या गवताच्या मुळ्या शोधण्यात गेलं. शहरात याच जातीच्या गवताला लॉन म्हणतात, गालिच्यासारखं गुंडाळून विकतात आणि लोक पैसे मोजून ते दारात लावून घेतात, ही गोष्ट तिला साठी उलटेपर्यंत कुणी सांगितली नव्हती. सांगितली असती तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

हात तर तिचे कधी रिकामे राहतच नसत. एका स्वातंत्र्यदिनाला शाळेच्या मैदानात सरपंचांचं भाषण लांबलं. ठकूबाई खाली बसली होती, ऐकता ऐकता तिने आजूबाजूची हरळी उपटायला घेतली, आणि भाषण संपेपर्यंत ती बसल्या बसल्या सरकत सरकत थेट झेंड्यापाशी पोचली होती. सरपंचांना वाटलं बाई भारावून पुढे आली. त्यांनी तिला नारळ दिला.

नवरा लवकर गेला. पदरात एकच मुलगा, कपिल. त्याला तिने चिखलात पाय घालू दिला नाही. बारावी केली, आणि तो राज्याच्या राजधानीत जाऊन कायदे जिथे होतात त्या इमारतीच्या बागेत कामाला लागला. इमारतीचं नाव मी लिहीत नाही. कायदे करणाऱ्यांच्या दारातल्या गोष्टी नावानिशी सांगाव्यात एवढी माझी छाती नाही. गावात तिला सगळे ‘मोठी सभा’ म्हणत, आपणही तेच म्हणू. "कपिल कुठं असतो?" असं कुणी विचारलं की ठकूबाई म्हणायची, "सभेत असतो." ऐकणाऱ्याला काय समजायचं ते तो समजे. ती दुरुस्त करत नसे.

खरं म्हणजे कपिल सहा-सात वर्षं कंत्राटी होता. बागेतल्या माळ्यांवर देखरेख करायची, साहेबांच्या शिव्या खायच्या, आणि दर वर्षी कंत्राट संपलं की पुन्हा कामावर घेतील का याची वाट पाहायची. एवढं चाललंही असतं, पण मध्ये मनाली आली. मनाली लोधिवलीची, चौकला एका दवाखान्यात कामाला. दोघांचं जमलेलं होतं, घरच्यांनाही पसंत होतं. आडवे आले ते मनालीचे वडील श्रीपतराव. माणूस वाईट नव्हता, फक्त जन्मभर पर्मनंट नोकरी करून निवृत्त झालेला होता, आणि अशा माणसाला जगात दुसरं काही दिसत नाही.

"पोरगा सोन्यासारखा हाय, ठकूताई," ते म्हणाले, "पण कंत्राटी हाय. उद्या कंत्राट बदललं तर आमी काय जावई बदलायचा?"

घरी येऊन ठकूबाई कपिलला एवढंच म्हणाली, "तू पर्मनंट हो रं बाबा. मग मी डोळं मिटायला मोकळी."

त्याच वर्षी मोठ्या सभेपुढे स्मारक उभं राहिलं. मधोमध दगडी खांब, वर पितळी ज्योत, भोवती विस्तीर्ण आवार. स्मारकाला आणि आवाराला लागलेल्या खर्चाचा फलक बाहेर लावला होता. त्यातल्या रकमेची शून्यं मोजायला लोक थांबत आणि मध्येच चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. आवार सजवायला ते गुंडाळीतलं महागडं गवत आलं. त्याच्याखाली घालायला माती हवी, ती कंत्राटदाराने कर्जतकडून आणली. तिकडे भाताची शेतं फार्महाऊसवाल्यांनी घेतली होती, त्यांची वरची माती ढिगाने विकायला होती. माती आली, गवत अंथरलं गेलं, कंत्राटदाराचं बिल निघालं आणि कंत्राटदारही निघाला. पाऊस लागला तशी मातीतली सगळी बीजं जागी झाली. गवतातून मोथा निघाला, दुधाणी निघाली, केना निघाला, आणि गेल्या साली शेतात गळून पडलेला भातही निघाला. पाण्याचा निचरा धड केला नव्हता, त्यामुळे खांबासमोर घोटाभर पाणी साचलं आणि भाताला ते फारच मानवलं.

उद्घाटन तोंडावर आलं होतं. आवाराची जबाबदारी असलेले अभियंते जगदीश साहेब कंत्राटदाराला फोन लावून लावून थकले. शेवटी त्यांनी कपिलला बोलावलं.

"हे जंगल साफ झालं पाहिजे. माणसं कुठूनही आण. आवार नीट दिसलं तर तुझं पर्मनंटचं मी स्वतः बघतो."

कपिलने माणसं कुठून आणायची? त्याने आईला फोन केला.

"आये, तुज्या टोळीतल्या बायका येतील काय दोन दिवस?"

"येडा झालास? आवणीचे दिवस हायेत. रोपं लावायची सोडून कोण येनार?"

"माज्या नोकरीचं हाय गं."

ऐन लावणीच्या दिवसांत शब्द दिलेलं शेत टाकून जाणं म्हणजे काय, ते शेतात राबणाऱ्यालाच कळेल. तिने उभ्या आयुष्यात असं केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मात्र ती शेतमालकाच्या दारात जाऊन हात जोडून आली, आपली जुनी जोडीदारीण बायजा आणि आणखी सात-आठ बायका टेंपोत घातल्या आणि शहराकडे निघाली.

मोठ्या सभेच्या फाटकापाशी बायका उतरल्या. ठकूबाईने पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. तिचं बघून सगळ्यांनी काढल्या.

"मावशी, चपला घाला," शिपाई ओरडला. "हे काही देऊळ नाही."

"देऊळ असतं तर घालूनच आले असते," ठकूबाई म्हणाली. "हितं कायदा व्हतो."

शिपायाने त्यांना तसंच आत सोडलं.

खांबाला पांढरं कापड गुंडाळलं होतं. ठकूबाईने घ्यायला आलेल्या कपिलला विचारलं, "कोन वारलं रं?"

"कुणी नाय," कपिल म्हणाला. "संवादाचं स्मारक हाय. म्हंजी सभेत माणसं एकमेकांशी बोलतात ना, त्याचं."

"आपण स्मारक कवा बांधतो?"

"माणूस गेल्यावर."

"मग त्यो संवाद गेलाच म्हन की," असं म्हणून तिने खांबाला हात जोडले.

कपिलचं लक्ष नव्हतं. जगदीश साहेबांचा फोन आला होता, लाल सतरंजी कमी पडत होती, ती आणायला त्याला जायचं होतं. जाता जाता तो म्हणाला, "आये, हितनं तितपर्यंत. तण म्हणून एक राहता नये."

"ह्ये तू मला सांगतोस?"

तो हसला. खरंच, तालुक्यात जिचा हात कुणी धरत नाही तिला बेणणी, म्हणजे तण काढणं, काय शिकवायची! तो निश्चिंत मनाने गेला. पुढे जे झालं त्यात चूक कुणाची, यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि मला तरी त्या पोराच्या निश्चिंतीपलीकडे दोष सापडत नाही.

बायकांनी पाठीवर मेणकापडं बांधली आणि आवाराकडे पाहिलं. समोर हरळीच हरळी माजलेली, आणि तिच्यात गुदमरत, पिवळी पडत, इथेतिथे भाताची रोपं उभी.

बायजाने कपाळाला हात लावला. "ठके, काय गं ह्ये! हितं भात लावलाय आन् बेणणी कुणीच नाय केली?"

"पुरुषांची कामं," ठकूबाई म्हणाली.

"पण सभेच्या म्होरं भात कशाला लावतील?"

"कशाला म्हंजी? येवढी माणसं बोलायला येतात, जेवनार नाय?" तिच्या मनात दुसरंही काही आलं होतं. "आन् मला वाटतं गं, सरकार शेतकऱ्याचं हाय म्हनत्यात ना, म्हणून दारात लावला आसंल. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून."

हे ऐकून बायका हळव्या झाल्या. इतकी वर्षं आपण चिखलात उभ्या राहिलो त्याचं कुणाला काही आहे की नाही, हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. आज कायद्याच्या दारातच भात दिसला होता. लावला होता वेडावाकडा, जोपासलाही नव्हता, पण लावला तरी होता. मग त्यांचे हात असे चालले की विचारू नका. स्वतःच्या शेतातही त्या इतक्या मनापासून कधी बेणल्या नसतील. महागडं गवत मुळासकट बाहेर आलं. मुळी तुटली तर बोटांनी माती उकरून शेवटचा तुकडासुद्धा काढला. गवताला माती राहिली तर ते पुन्हा धरतं, म्हणून प्रत्येक जुडी पाण्यात धुऊन, झटकून बाजूला टाकली. मधून महापालिकेची कचरागाडी आली, तिच्यात सगळं भरून दिलं. बायजा गाडीवाल्याला बजावून आली की बाबा, हे लांब नेऊन टाक, कुणाच्या शेताशेजारी टाकू नको.

मग राहिली भाताची रोपं. ती अशी विखुरलेली ठेवणं कुणालाच बरं वाटेना. साचलेल्या पाण्यात चिखल तर पायांनी तुडवून लोण्यासारखा झालाच होता. ठकूबाईने रोपं अलगद उचलली, मुठी बांधल्या, आणि बायकांनी खांबासमोर ओळीत वाकून लावणी करून टाकली. उरलेल्या जागेत टाचणीएवढंही हिरवं राहिलं नव्हतं.

कपिल लाल सतरंजी घेऊन आला तेव्हा त्याच्या मागे छत्री धरून जगदीश साहेब होते. दोघंही एकाच जागी थांबले.

"कपिल," साहेब हळूच म्हणाले, "लॉन कुठे गेलं?"

ठकूबाई पुढे आली. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडभर समाधान. "समदं काढलं साहेब. एक मुळी ऱ्हायली तर नाव बदला."

साहेबांच्या हातातली छत्री कलली. "कोण आहे ही बाई? कुणी आणलं हिला?"

तेवढ्यात ठकूबाईची नजर मुलाच्या चेहऱ्यावर गेली. काय चुकलं ते तिला कळलं नाही, पण चुकलं आहे आणि ते पोराच्या मुळावर आलं आहे एवढं त्या चेहऱ्यावरून आईला लगेच कळलं. ती झटकन म्हणाली, "मी कोन नाय साहेब. मजूर हाय. ह्या पोराला मी वळखत बी नाय. आमचं आमीच आत शिरलो."

कपिल सकाळपासून शिपायांसमोर, माळ्यांसमोर तिला ‘मावशी’ म्हणत होता. मोठ्या सभेत काम करणाऱ्याची आई रोजावर बेणायला येते, हे त्याला चारचौघांत सांगवत नव्हतं. तरुण वयात असं होतं, मी त्याला दोष देत नाही. पण आई चिखलात उभी राहून आपल्याला ओळखत नाही म्हणाली, तेव्हा तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"माझी आई आहे ती, साहेब," तो म्हणाला. "मीच आणलं."

ठकूबाईने डोळ्यांनी त्याला खूप दटावलं, पण शब्द बाहेर पडून गेला होता.

जगदीश साहेबांना त्या रात्री झोप लागली नसणार. गवत गेलं हे सांगावं तर ते किती रुपयांचं होतं हे सांगावं लागणार. ते सांगावं तर माती कुठून आली, निचरा का नाही, तण माजेपर्यंत बिल कसं निघालं, हे सगळं एकामागून एक निघणार, हरळीच्या मुळीसारखं. सकाळी उद्घाटनाआधी पाहणीला समिती आली. समितीचे अध्यक्ष भातासमोर उभे राहिले.

"हे काय आहे?"

साहेब म्हणाले, "संकल्पना आहे सर. बळीराजाचा आणि लोकशाहीचा संवाद."

अध्यक्ष भाताभोवती एक फेरी मारून आले. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. मग ते म्हणाले, "पण मूळ अंदाजपत्रकात हे नव्हतं."

"नव्हतं सर."

"मग पुरवणी मागणी आणावी लागेल."

जगदीश साहेबांचा जीव भांड्यात पडला. एका सदस्यांनी मात्र तिथेच आवाज चढवला. नुसता भातच का, आमच्या भागातल्या ज्वारीने काय घोडं मारलंय, हा दुष्काळी पट्ट्याचा अपमान आहे, असं म्हणून ते निघून जाऊ लागले. पुढच्या वर्षी ज्वारीचाही विचार करू, असं आश्वासन मिळाल्यावर ते जितक्या वेगाने गेले होते तितक्याच वेगाने परत आले. उद्घाटन झालं. पाहुण्यांनी भाताच्या काठावर उभं राहून फोटो काढले. ठकूबाई आणि बायकांना आत येता आलं नाही, कारण त्यांचा परवाना फक्त तण काढण्याचा होता.

पुरवणी मागणी मंजूर झाली आणि त्या इवल्याशा भाताचं भाग्य उजळलं. त्याला पितळी कठडा आला, पाऊलवाट आली, रात्री उजेडासाठी दिवे आले. ऐन श्रावणात, आभाळ कोसळत असताना, भाताला पाणी द्यायला कारंजं आलं. आणि भाताची देखभाल करायला माणूस हवा, म्हणून एक पद निर्माण झालं, तेही पर्मनंट. पद तयार करताना जगदीश साहेबांनी कपिलचं नाव पुढे केलं. त्यांना आपला शब्द पाळायचा होता, आणि गवताची हकिकत माहीत असलेला माणूस जवळच असलेला बरा, असंही वाटलं असेल. अट एकच होती. वर्षअखेर भात सुस्थितीत असल्याचा अहवाल गेला की कपिलची ऑर्डर निघणार.

श्रीपतरावांना निरोप गेला. ते म्हणाले, "ऑर्डर हातात पडली की तारीख काढू."

पंचाईत अशी की कपिलला भातातलं काहीच कळत नव्हतं. आईनेच चिखलात जाऊ दिलं नव्हतं ना! रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा.

"आये, पानं पिवळी दिसत्यात."

"कारंजं बंद कर म्हनावं आदी. बुडवून मारत्यात त्याला."

"ते बंद करायला परवानगी लागती."

"मग पाय लावून बांध फोड. पान्याला कुठं परवानगी लागती?"

असं करत करत भाताने दम धरला. कपिलही बदलत चालला. आधी कठड्याबाहेरून बघायचा, मग पॅन्ट दुमडून आत उतरायला लागला. लोंबी बाहेर पडली त्या दिवशी त्याने आईला फोटो पाठवला, त्यात फोटोच्या निम्म्या भागात त्याचा अंगठा आला होता. ठकूबाईने तो सगळ्या वाडीला दाखवला.

दिवाळी सरली, भात पिकला. सभेचं अधिवेशन केव्हाच संपलं होतं, समिती अभ्यासदौऱ्यावर परदेशी गेली होती. कपिलने जगदीश साहेबांना विचारलं, "कापायचा कधी?"

"कापायचा?" साहेब दचकले. "मंजुरीत लागवड आहे, देखभाल आहे. कापणी नाही. समिती आल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि तो कापलास तर तुझं पदच कशाला राहील?"

हे कपिलने आईला सांगितलं. ठकूबाईने विचारलं, "दाना झडतोय?"

"आजपासनं झडायला लागलाय."

उभं पीक मातीत झडतंय आणि आपण ऐकत बसलोय, हे ठकूबाईला सोसवेना. बायजा म्हणाली, चल, आपणच विळे घेऊन जाऊ. पण ठकूबाईने मान हलवली. तिने पुन्हा फोन लावून पोराला निक्षून सांगितलं, "कपल्या, हात लावू नको त्याला. झडू दे. तुजी नोकरी म्हत्वाची. माजी आन हाय तुला." आणि फोन ठेवून ती ढसाढसा रडली. आयुष्यात तिने पीक झडू दे असं पहिल्यांदाच म्हटलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी श्रीपतराव मनालीला घेऊन ठकूबाईकडे आले. "जय भीम" झाला, चहा झाला. ऑर्डर आता निघेलच, तर निदान महिना तरी ठरवून ठेवू, असं त्यांचं म्हणणं होतं. बोलणं चाललं असतानाच दारात टेंपो थांबला. कपिल उतरला. अंगावर भाताची कुसळं, हाताला विळ्याची जखम, आणि टेंपोत भाताचे भारे.

ठकूबाई उभी राहिली. "कपल्या, तुला आन घातली व्हती ना?"

"घातली व्हतीस," तो म्हणाला. "पण चिमण्या खाली, दाणे खाली, आन् मी कठड्याला टेकून बघत बसलेला. नाय बघवलं. ऑर्डर गेली समज."

मनाली उठली, ओढणी कंबरेला बांधली आणि टेंपोतला पहिला भारा तिने खाली घेतला. श्रीपतराव मुलीकडे बघत राहिले. मग पुढे होऊन त्यांनी एक लोंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि दाणा दाताखाली धरला.

"भरलाय चांगला," ते म्हणाले.

ते निघून मात्र गेले नाहीत. दुपारपर्यंत भारे फळीवर झोडून झाले आणि सरकारी भात ठकूबाईच्या अंगणात ताडपत्रीवर उन्हात पडला. सगळे त्याच्याभोवती चिमण्या हाकत बसले. तेवढ्यात फोन वाजला. जगदीश साहेब. कपिलचा चेहरा उतरला, ते पाहून ठकूबाईने फोन त्याच्या हातातून ओढून घेतला. तो मोठ्या आवाजावर लागलेला होता, म्हणून श्रीपतरावांपासून बायजापर्यंत सगळ्यांना ऐकू आलं.

"साहेब, मी ठकूबाई. कपिलची आई. भात मी कापला. पोराचा काय दोष नाय. काय करायचं ते मला करा."

मग साहेबांनी मोठा श्वास सोडला. "कापला? सगळा?"

"समदा. एक लोंबी नाय ठेवली."

"बरं झालं बाई. उंदीर लागले होते, वरपर्यंत तक्रारी गेल्या होत्या." आवाज खाली आला. "पण हे बघा, कपिलची ऑर्डर भाताच्या देखभालीची आहे. भात कापला असं लिहिलं तर पद रद्द होतं. कारंज्याचं, दिव्यांचं, कठड्याला पॉलिश करायचं, सगळंच अडतं. म्हणून मी अहवालात भात उभा आहे असं लिहून पाठवतोय. सुस्थितीत. ऑर्डर उद्या निघेल. तुम्ही कुठे बोलू नका म्हणजे झालं."

श्रीपतरावांनी डोळे मिटून घेतले. जन्मभर केलेली पर्मनंट नोकरी त्यांना आज पहिल्यांदाच नीट दिसली असावी. मग त्यांनी मान डोलावली आणि मनालीकडे बघून दोन बोटांनी खूण केली, की फेब्रुवारी.

ठकूबाईला मात्र एक गोष्ट समजून घ्यायची होती. "साहेब, त्यो कागदावरचा भात किती दिस उभा ऱ्हानार?"

"पद आहे तोवर. म्हणजे कपिल निवृत्त होईपर्यंत."

"आन् तवर त्याला पानी देनार? दिवे लावनार?"

"मंजुरी आहे ना."

ठकूबाईने समोरच्या ताडपत्रीकडे पाहिलं. पोराची नोकरी लागली होती, सून अंगणात बसली होती, आणि तरी तिला हसावं की रडावं कळेना. "साहेब," ती म्हणाली, "जन्म गेला माजा भातात. पर कवा न झडनारा भात आजच ऐकला. त्याचं वायंच बियानं असंल तर आमाला बी द्या."

आणि फोन कपिलच्या हातात देऊन ती चिमण्या हाकायला उठली.